बेनिनची पितळं कोणाची? ‘परत’, ‘उसनं’ आणि ‘विकत’ यांतला फरक

हा आपल्या एपिसोडचा लेखी भाग. बोलताना झालेली ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ची गर्दी कमी केलीय, बाकी बोलले तसंच ठेवलंय. ज्यांना लोकलमध्ये ऐकू येत नाही त्यांच्यासाठी खास.

आजचा विषय कमेंट्समध्ये बऱ्याच जणांनी सुचवला होता: परदेशातल्या म्युझियममध्ये पडलेल्या, लुटून नेलेल्या वस्तू परत द्यायच्या का? यावर बहुतेकांचं उत्तर तयार असतं. ‘अर्थात द्यायच्या, चोरीचा माल आहे!’ माझंही उत्तर तेच आहे, आधीच सांगून टाकते. पण ते उत्तर टिकतं का, हे एका अवघड केसवर तपासून बघू. सोपी केस घेतली तर वीस मिनिटांत टाळ्या वाजवून मोकळे होऊ आणि हातात काही राहणार नाही.

तर केस अशी.

डिसेंबर २०२२. नायजेरियाची राजधानी अबुजा. जर्मनीच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री ॲनालेना बेअरबॉक २० वस्तू घेऊन तिथे आल्या. शंभराहून जास्त वर्षं जर्मन म्युझियममध्ये असलेल्या या वस्तू त्यांनी समारंभाने परत केल्या. त्या नेणं चूक होतं आणि ठेवून घेणंही चूक होतं, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी जर्मनीने अशा अकराशेहून जास्त वस्तूंची मालकी नायजेरियाकडे देण्याचा करार केला होता. जगभर कौतुक झालं.

तीनच महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांनी एक आदेश काढला. परत आलेल्या या वस्तूंचे मालक नायजेरियाचं सरकार नसून बेनिनचे राजे असतील, असं त्यात होतं. म्हणजे जर्मनीने दिलं एका देशाला, आणि देशाने ते एका राजघराण्याच्या नावावर केलं. लगेच जर्मनीत चर्चा सुरू झाली: आपण फसलो का? हे आता लोकांना बघायला तरी मिळणार का? इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठ ११६ वस्तू परत देणार होतं. मे २०२३ मध्ये त्यांनी तो कार्यक्रम पुढे ढकलला.

आणि जे आधीपासून ‘देऊ नका’ म्हणत होते, त्यांचा सूर साधारण असा होता: बघा, आम्ही सांगत नव्हतो?

आता प्रश्न हा की, पुढे असं काही होणार हे आधी माहीत असतं, तरी जर्मनीने परत द्यायला हवं होतं का? माझं म्हणणं, हो. का, ते टप्प्याटप्प्याने बघू.

आधी, ही वस्तू काय आहे?

इंग्रजीत यांना ‘बेनिन ब्रॉन्झेस’ म्हणतात. नाव थोडं फसवं आहे. यातल्या बऱ्याचशा वस्तू पितळेच्या आहेत, शिवाय हस्तिदंत, लाकूड, पोवळं हेही आहे. दुसरा घोळ ‘बेनिन’ या नावाचा. नायजेरियाच्या शेजारी बेनिन नावाचा एक देश आहे. आपण बोलतोय ते नाही. आपलं बेनिन म्हणजे आजच्या दक्षिण नायजेरियातल्या एडो राज्यातलं बेनिन शहर आणि तिथलं जुनं राज्य. तिथल्या राजाला ‘ओबा’ म्हणतात. ही पदवी आहे आणि ती आजही चालू आहे.

या राज्यात पितळ ओतणाऱ्या कारागिरांचा वेगळा संघ होता. मेणाचा नमुना करायचा, त्यावर माती लिंपायची, भाजताना मेण वितळून बाहेर येतं, आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं. बस्तरचं ढोकरा काम पाहिलं असेल तर तत्त्व तेच. सोळाव्या-सतराव्या शतकात या लोकांनी राजवाड्याच्या खांबांसाठी शेकडो पितळी पट्ट बनवले. त्यावर दरबारातले प्रसंग, सरदार, शिपाई, पोर्तुगीज व्यापारी. नवा ओबा गादीवर आला की वडिलांच्या स्मृतिवेदीसाठी पितळेचं मस्तक घडवून घ्यायचा.

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट भाषेची आहे. अभ्यासक सांगतात की एडो भाषेत ‘आठवणे’ या अर्थाचा जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ‘पितळेत आकृती ओतणे’ असा होतो. त्यामुळे हे खांबांवरचे पट्ट शोभेपुरते नव्हते. तो त्या राज्याचा दस्तऐवज होता, बखर म्हणा हवं तर. फक्त कागदाऐवजी धातूत.

१८९७ साली काय झालं?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिशांना त्या भागातला व्यापार आपल्या अटींवर हवा होता आणि ओबा ओवोन्रामवेन आड येत होते. जेम्स फिलिप्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने नोव्हेंबर १८९६ मध्ये लंडनला पत्र लिहून ओबांना गादीवरून काढण्याची परवानगी मागितली. त्या पत्रात त्याने हिशेबही मांडला होता: मोहिमेचा खर्च राजवाड्यातल्या हस्तिदंतातून निघेल. खर्चाची वसुली आधीच ठरलेली होती, हे लक्षात ठेवा.

जानेवारी १८९७ मध्ये फिलिप्स स्वतः निघाला. राजवाड्यात धार्मिक विधी चालू आहेत, आत्ता येऊ नका, असा निरोप आला होता. तो थांबला नाही. वाटेत त्याच्या ताफ्यावर हल्ला झाला. बहुतेक ब्रिटिश अधिकारी मारले गेले, आणि सोबतचे कितीतरी आफ्रिकी हमालही.

फेब्रुवारीत ॲडमिरल हॅरी रॉसनच्या हाताखाली सुमारे १२०० सैनिकांची ‘शिक्षा मोहीम’ निघाली. १८ फेब्रुवारीला बेनिन शहर पडलं. राजवाडा लुटला गेला, शहर जळलं. ओबांना हद्दपार करून कॅलाबारला ठेवलं, आणि १९१४ मध्ये ते तिथेच वारले. पट्ट, मस्तकं, हस्तिदंत अधिकाऱ्यांनी वाटून घेतलं, काही सरकारी हिशेबात गेलं आणि विकलं गेलं. सुमारे २०० पट्ट ब्रिटिश म्युझियमला मिळाले. बर्लिनच्या म्युझियमने लंडनच्या बाजारातून भरपूर खरेदी केली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बेनिनच्या दरबारात नरबळी दिले जायचे, आणि हे राज्य गुलामांच्या व्यापारातही होतं. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी नरबळीच्या कथा भरपूर छापल्या आणि मोहिमेचं समर्थन केलं. पण राजा वाईट होता म्हणून त्याच्या घरातली प्रत्येक वस्तू जिंकणाऱ्याची होते, हा नियम मान्य केला तर जगातली कुठलीच लूट लूट उरत नाही. प्रत्येक लुटारूला समोरचा वाईटच दिसतो.

आज या वस्तू किती ठिकाणी आहेत? नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘डिजिटल बेनिन’ नावाची वेबसाइट सुरू झाली. तिने २० देशांतल्या १३१ संस्थांकडच्या ५,२४६ वस्तू एका जागी नोंदवल्या. दिवसा मी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे मी ती साइट आधी डेटाबेस म्हणूनच बघितली, आणि खरंच सांगते, काय काम असेल ते! प्रत्येक म्युझियमची नोंद वेगळ्या भाषेत, वेगळ्या रकान्यांत. एकाच प्रकारच्या वस्तूला इथे एक नाव, तिथे भलतंच. या प्रोजेक्टने वस्तूंची एडो नावंही दिली आणि जाणत्या लोकांकडून त्यांचा वापर काय होता ते रेकॉर्ड करून ठेवलं. सव्वाशे वर्षं ज्याला ‘शोभेची वस्तू’ म्हटलं, तिला तिच्या भाषेतलं नाव परत मिळालं. ती साइट जरूर उघडून बघा, फोनवरही चालते.

एका वाक्यात दडलेले दोन प्रश्न

आता मुद्द्यावर. ‘वस्तू परत द्यायच्या का?’ हा एक प्रश्न वाटतो, पण आत दोन आहेत.

पहिला: ही वस्तू कोणाची?
दुसरा: ती कुठे आणि कोणी ठेवावी?

जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यांना पटकन कळेल. रेपो कोणाच्या मालकीचा आहे आणि वाचायचा ॲक्सेस कोणाला आहे, या वेगळ्या सेटिंग आहेत. मालक कोणालाही ॲक्सेस देऊ शकतो. पण माझ्याकडे ॲक्सेस आहे, मी तो चांगला सांभाळलाय, म्हणून मी मालक झाले असं होत नाही.

म्युझियमवाल्यांचे बहुतेक युक्तिवाद दुसऱ्या प्रश्नाचे असतात, आणि ते पहिल्याच्या तोंडावर मारले जातात. एकेक घेऊ.

‘आमच्याकडे जास्त सुरक्षित आहेत’

समजा तुमची स्कूटर कोणी उचलून नेली. पंधरा वर्षांनी ती एका बंगल्यात सापडली. तो माणूस म्हणतो, ‘तुम्ही तर रस्त्यावर लावत होता, माझ्याकडे बंद गॅरेज आहे. बघा, किती चकचकीत ठेवलीय.’ तुम्ही काय म्हणाल? चोर तो चोर, वर शिरजोर!

गॅरेज खरंच चांगलं असेलही. पण ती स्कूटर गॅरेजमध्ये ठेवायची की रस्त्यावर, हे ठरवायचा हक्क त्याचा नाही.

आणि गॅरेजही वाटतं तितकं बंद नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द ब्रिटिश म्युझियमनेच आपल्याकडच्या वस्तू चोरीला गेल्याचं जाहीर केलं. आकडा नंतर सुमारे दोन हजारांवर गेला आणि संचालकांनी राजीनामा दिला. मोजदाद नीट झालेली नव्हती, म्हणून ही चोरी लक्षात यायलाही वेळ लागला.

नायजेरियाची बाजूही सगळी स्वच्छ नाही. १९७३ मध्ये तिथले लष्करी शासक जनरल गोवोन यांनी लागोसच्या म्युझियममधून एक पितळी मस्तक उचललं आणि राणी एलिझाबेथला भेट देऊन टाकलं. लंडनमध्ये बरीच वर्षं ती नक्कल समजली जात होती. २००२ मध्ये उघड झालं की ते अस्सल आहे. १९८७ मध्ये जोसच्या म्युझियममध्ये चोरी झाली. तेव्हा काळजी खरी आहे, हे मान्य. पण काळजी खरी असेल तर मालकाला गॅरेज बांधायला मदत करा. स्कूटर अडवून ठेवू नका.

‘आम्हाला द्यायचंय, पण कायदा आड येतो’

हे ब्रिटिश म्युझियमचं ठरलेलं उत्तर. त्यांच्याकडे बेनिनच्या नऊशेहून जास्त वस्तू आहेत. १९६३ च्या ब्रिटिश म्युझियम कायद्यानुसार काही अपवाद वगळता विश्वस्तांना संग्रहातली वस्तू देऊन टाकता येत नाही. हे खोटं नाही. २००५ मध्ये नाझींनी लुटलेल्या काही चित्रांबद्दल लंडनच्या हायकोर्टाने हेच सांगितलं: नैतिक जबाबदारी वाटते, एवढ्यावर हा कायदा ओलांडता येणार नाही.

मग पुढे काय झालं? २००९ मध्ये ब्रिटिश संसदेने नाझी काळातल्या लुटीसाठी वेगळा कायदा केला आणि अशा वस्तू परत करण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे कायदा बदलता येतो. एका लुटीसाठी बदलला, दुसऱ्या लुटीसाठी नाही. हा फरक कायद्याने केलेला नाही, माणसांनी केलाय.

अजून एक गंमत. १९५० ते १९७२ या काळात याच म्युझियमने बेनिनचे तीसेक पट्ट ‘आमच्याकडे डुप्लिकेट आहेत’ म्हणून विकले किंवा बदल्यात दिले. त्यातले काही नायजेरियाने स्वतःच्या म्युझियमसाठी पैसे मोजून घेतले. आपल्याच घरातली लुटलेली वस्तू विकत! विकताना कायदा आड आला नाही, हे लक्षात घ्या.

ज्यांच्यावर हा कायदा लागू नव्हता त्यांनी करून दाखवलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजने पितळेचा कोंबडा परत दिला. पाठोपाठ स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठाने ओबाचं मस्तक दिलं. २०२२ मध्ये लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने ७२ वस्तूंची मालकी दिली, अमेरिकेच्या स्मिथसोनियनने २९ वस्तूंची. २०२५ मध्ये नेदरलँड्सने ११९ वस्तू दिल्या. आणि २०१४ मध्ये, या सगळ्यांच्या आधी, मोहिमेतल्या एका ब्रिटिश कॅप्टनच्या नातवाने आजोबांकडून वारशात आलेल्या दोन वस्तू स्वतः बेनिनला नेऊन दिल्या होत्या. त्याला ना कायदा लागला, ना समिती.

‘थ्रीडी प्रिंट देऊ की!’

हा प्रश्न आपल्या वयाच्या लोकांकडून हमखास येतो, म्हणून घेतलाच पाहिजे. आज स्कॅनिंग इतकं चांगलं आहे, तर हुबेहूब प्रत करून द्या, मूळ राहू दे तिथे.

हा प्रयोग आधीच होऊन गेलाय. १९३० च्या दशकात ओबा अकेन्झुआ दुसरे यांनी बर्लिनच्या म्युझियममधली आपल्या पूर्वजांची दोन सिंहासनं परत मागितली. त्यांना मिळाल्या त्यांच्या नकला. मूळ तिथेच राहिली.

प्रत इतकीच चांगली असेल तर ती ज्याने नेली त्याने ठेवावी ना? लंडन-बर्लिनच्या प्रेक्षकाला तंत्र आणि आकार बघायचाय, त्याला प्रत पुरते. ज्यांच्यासाठी ते वडिलांच्या वेदीवरचं मस्तक आहे, त्यांना मूळ लागणार. नकलेचा प्रस्ताव नेहमी एकाच दिशेने का येतो, यातच उत्तर आहे.

‘निदान उसनं घ्या’

१९७७ मध्ये लागोसमध्ये आफ्रिकी कलांचा मोठा महोत्सव झाला, फेस्टॅक. त्याचं बोधचिन्ह म्हणून राजमाता इदिया यांचा सोळाव्या शतकातला हस्तिदंती मुखवटा निवडला होता. तो आहे ब्रिटिश म्युझियममध्ये. नायजेरियाने तो महोत्सवापुरता मागितला. उत्तर आलं: फार नाजूक आहे, देता येणार नाही. ज्यांच्या राजमातेचा मुखवटा, त्यांना तो पाहुणा म्हणूनही मिळाला नाही.

आता उसनवारीची हवा बदललीय. २०२४ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांनी घानाला असान्ते राज्याचे लुटलेले सोन्याचे दागिने ‘तीन वर्षांसाठी’ दिले. बघायला मिळाले, आनंद आहे. पण उसनं घेताना कागदावर सही करावी लागते, आणि त्या कागदावर मालक म्हणून समोरच्याचं नाव असतं.

बर्लिनचा करार याच्या नेमका उलटा आहे. तिथल्या म्युझियमने ५१२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली आणि त्यातल्या सुमारे एक तृतीयांश वस्तू सुरुवातीला दहा वर्षांसाठी नायजेरियाकडून उसन्या घेतल्या. त्या आजही बर्लिनमध्ये दिसतात. जागा तीच, काचही बहुधा तीच. बदललं ते हे की आता विचारावं जर्मनीला लागतं, आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क नायजेरियाचा आहे. आधी मालकी, मग जागेची चर्चा. मला हाच क्रम बरोबर वाटतो.

मग द्यायचं कोणाला?

आता परत मार्च २०२३ कडे येऊ. भांडण तीन बाजूंचं आहे. एक, नायजेरियाचं केंद्र सरकार आणि त्याचा संग्रहालय आयोग. दोन, आजचे ओबा एवुआरे दुसरे. १८९७ मध्ये हद्दपार झालेले ओवोन्रामवेन हे त्यांचे खापरपणजोबा. ते म्हणतात, वस्तू माझ्या घरातून गेल्या, माझ्या घरी याव्यात. तीन, बेनिन शहरात उभं राहिलेलं नवं म्युझियम, मोवा. सुरुवातीला ही पितळं तिथे येतील असं बोललं जात होतं. राजवाड्याला ते मान्य नव्हतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये उद्घाटनाच्या तोंडावर आंदोलक आत घुसले आणि कार्यक्रम थांबवावा लागला.

हे बघून युरोपातला माणूस म्हणतो, ‘यांचं आधी आपसांत ठरू दे.’ ऐकायला समंजस वाटतं. परत स्कूटर आठवा. ‘तुम्हा भावाभावांत वाद आहे ना, मग मिटेपर्यंत मीच चालवतो.’ भावांचा वाद खरा आहे. पण त्या वादातून तिसऱ्याचा हक्क तयार होत नाही.

आणि हा वाद वाईटच आहे असं का धरायचं? राजघराण्याचं काय आणि लोकांचं काय, प्रजासत्ताकात राजाची वस्तू कोणाची, हे प्रश्न प्रत्येक समाजाला सोडवावे लागतात. आपल्याकडे नाही का, संस्थानं विलीन होताना खासगी मालमत्ता कुठली आणि सरकारी कुठली यावरून किती कोर्टकचेऱ्या झाल्या! बेनिनच्या लोकांना १८९७ पासून हा वाद घालायची संधीच नव्हती, कारण वादाची वस्तूच हातात नव्हती. पुढे आयोग आणि ओबा यांच्यात समझोताही झाला. मालकी ओबांची, सांभाळायची जबाबदारी आयोगाची. तो टिकेल की नाही, ते त्यांचं ते बघतील.

माझं स्वतःचं मत विचाराल तर वस्तू राजवाड्याच्या तिजोरीत जाऊ नयेत, लोकांना बघायला मिळाव्यात. पण ते परतीची अट म्हणून युरोपाने घालणं आणि बेनिनच्या नागरिकांनी आपल्या ओबांकडे मागणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप

आता जो आक्षेप ऐकून मी खरंच थांबले, तो. हा म्युझियमवाल्यांचा नाही.

न्यूयॉर्कमधला ‘रेस्टिट्यूशन स्टडी ग्रुप’ नावाचा गट गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांच्या वतीने बोलतो. ते म्हणतात: हे पितळ आलं कुठून? युरोपी व्यापारी घोड्याच्या नालासारखी पितळी कडी आणायचे, त्यांना ‘मनिला’ म्हणतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ती चलन होती, आणि त्या चलनात माणसंही विकली जायची. ती कडी वितळवून पट्ट घडले. म्हणजे आमच्या पूर्वजांच्या किमतीतून. मग परत करताना फक्त विकणाऱ्यांच्या वारसांना का? आमचा वाटा कुठे?

स्मिथसोनियनने वस्तू देऊ नयेत म्हणून हा गट कोर्टातही गेला. कोर्टाने त्यांचा दावा मान्य केला नाही. पण धातूबद्दल ते हवेत बोलत नाहीत. २०२३ मध्ये जर्मन संशोधकांनी जुन्या मनिलांचं पृथक्करण केलं. बेनिनच्या पितळाशी ते जुळतं आणि त्याचा उगम जर्मनीच्या ऱ्हाइन भागातल्या खनिजात आहे, असं निघालं. म्हणजे धातू जर्मनीतून निघाला, माणसांच्या बदल्यात बेनिनला पोचला, पट्ट झाला, लुटला जाऊन बर्लिनला परत गेला.

इथे माझं स्कूटरचं उदाहरण मोडतं. स्कूटर कोणाच्या पैशांतून आली हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढं दिसतं की हा दावा बेनिनच्या राजघराण्यावर आहे, आणि ती कडी बनवून माणसं विकत घेणाऱ्या युरोपी व्यापाऱ्यांवरही आहे. तो ब्रिटिश म्युझियमच्या बाजूने उभा राहत नाही. उलट, ज्यांनी व्यापारही केला आणि नंतर लूटही केली, त्यांच्या खात्यावर दोन नोंदी होतात. पण बेनिनमध्ये ही पितळं मांडली जातील तेव्हा त्या पाटीवर मनिलांची गोष्ट असायला हवी. परत मिळालेल्या वस्तूबरोबर तिचा सगळा इतिहास येतो, सोयीचा तेवढाच नाही.

आपल्याकडची बातमी वाचताना

तुमच्यातल्या कित्येकांनी विचारलं, वाघनखांचं काय? तर जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आलेली वाघनखं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तीन वर्षांसाठी उसनी दिली आहेत. पेटीवरच्या मजकुरानुसार ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला भेट मिळाली होती. आणि ती शिवरायांनी वापरलेली आहेत हे सिद्ध करता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच म्हणतं.

२०२५ मध्ये नागपूरच्या रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने ती मध्यस्थामार्फत सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती बाहेर गेली असावी, असा अंदाज आहे. म्हणजे ती विकत आणली.

दोन्ही बातम्या माझ्या फोनवर एकाच शब्दात आल्या: ‘परत’. एक उसनी, एक विकत. मालक म्हणून आपला हक्क समोरच्याने मान्य केला, असं दोन्हींत घडलेलं नाही. म्हणून आनंद मानू नये असं मी म्हणत नाही. साताऱ्यात रांगा लावून लोकांनी वाघनखं बघितली, ते छानच आहे. फक्त शब्द नीट वापरूया.

पुढच्या वेळी अशी बातमी आली की फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. ती वस्तू गेली कशी: लूट, भेट, विक्री की माहीत नाही? आज कागदावर मालक कोण आहे? आणि उद्या ‘नाही’ म्हणायचा हक्क कोणाकडे आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लंडन असेल, तर वस्तू परत आलेली नाही. भेटायला आलीय.

अबुजातल्या त्या २० वस्तूंबाबत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता नायजेरियात आहे. तिथे त्यावरून भांडणं चालू आहेत, गोंधळ आहे, सगळं खरं. पण तो गोंधळ ज्यांचा आहे त्यांच्या हातात आहे.

आजच्यापुरतं एवढंच. मनिलांच्या मुद्द्यावर तुम्हाला काय वाटतं ते कमेंटमध्ये नक्की लिहा, कारण तिथे मलाही ऐकायचंय. माझ्याशी असहमत असाल तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत, प्लीज! निवडक नोट्स पुढच्या भागात लावू. भेटूच.